लॅपटॉपचा पंखा घरी कसा साफ करावा: झाकण उघडण्यापासून तापमान मोजण्यापर्यंत

बहिणीचा लॅपटॉप पाच वर्षांचा. मे महिन्यात जळगावला तिच्याकडे गेलो होतो तेव्हा तो सुरू केल्या केल्या घोंघावायचा आणि व्हिडिओ कॉल लावला की दहा मिनिटांत माऊसचा बाणसुद्धा अडखळायचा. "दादा, दुकानात म्हणाले विंडोज नव्याने टाकावं लागेल," ती म्हणाली. तळ उघडून पाहिला तर पंख्याच्या पात्यांच्या कडेला करड्या रंगाची नुसती रेघ होती. एवढ्याशा धुळीने काय होणार, असं कुणालाही वाटलं असतं. पण स्क्रू काढून पंखा उचलला आणि त्याच्या मागून घोंगडीच्या तुकड्यासारखा धुळीचा थर निघाला. चिमटीत धरून सलग उचलता येईल इतका जाड.

पंखा साफ करायचा म्हणून लॅपटॉप उघडणारे बरेच जण हा थर तसाच ठेवून झाकण लावतात. म्हणून आधी तो बसतो कुठे ते सांगतो.

उष्णता कुठून कुठे जाते

प्रोसेसरच्या चकचकीत चिपवर थर्मल पेस्टचा, म्हणजे उष्णता पुढे नेणाऱ्या मलमाचा, पातळ थर असतो, त्यावर तांब्याची पट्टी आणि त्या पट्टीला जोडलेली तांब्याची चपटी नळी, म्हणजे हीट पाइप. ही नळी भरीव नसते. तिच्यात कमी दाबाखाली अगदी थोडं पाणी असतं. गरम टोकाला त्याची वाफ होते, ती थंड टोकाकडे धावते, तिथे पुन्हा पाणी होतं आणि नळीच्या आतल्या सच्छिद्र अस्तरातून मागे येतं. थंड टोकाला पातळ पत्रे शेजारी शेजारी उभे केलेले असतात, केस विंचरायच्या फणीसारखे. मी पुढे त्याला फणीच म्हणणार आहे. पंखा तळातून हवा ओढतो आणि या फणीतून आडवी बाहेर ढकलतो.

फणीच्या दोन पत्र्यांमधली फट मिलिमीटरभराची असते. चादरीचे धागे, टॉवेलचे तंतू, केस हे सगळं पंख्यातून आरामात पार होतं, पण या फटींच्या तोंडाशी आडवं अडकतं. मग त्यावर बारीक धूळ साचत जाते. स्वयंपाकघराजवळ लॅपटॉप वापरत असाल तर फोडणीची तेलकट वाफ आणि देवघराजवळ वापरत असाल तर उदबत्तीचा धूर ती धूळ चिकट करतो. पंखा जोरात फिरत राहतो, आवाज वाढतो, हवा मात्र पुढे सरकत नाही. तापमान ९५ ते १०० अंशांच्या आसपास गेलं की बहुतेक प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी आपला वेग कमी करतात. मशीन संथ होतं ते यामुळे. विंडोज नव्याने टाकून त्यात काही फरक पडत नाही.

यातूनच कळेल की बाहेरच्या झरोक्यातून फुंकर मारणं किंवा ब्लोअर लावणं का चुकीचं आहे. हवेच्या उलट्या झोताने तो थर फणीपासून सुटतो आणि आत पंख्याच्या पात्यांवर जाऊन पडतो. मी स्वतः एकदा हे केलं आहे. दोन दिवस बरं वाटलं, तिसऱ्या दिवशी धुळीचं गुंतवळ पात्यांत अडकून पंखा बंद पडला आणि शेवटी उघडावं लागलंच.

उघडण्याआधी मोजून घ्या

विंडोजवर एचडब्ल्यूइन्फो किंवा कोअर टेम्प यांपैकी एखादं मोफत सॉफ्टवेअर घ्या. लिनक्सवर सेन्सर्स ही कमांड आहे. लॅपटॉप टेबलावर ठेवा, दहा मिनिटं काहीही न करता तापमान पाहा. मग नेहमीचं जड काम, एखादा व्हिडिओ कॉल किंवा गेम, पंधरा मिनिटं चालवा आणि पुन्हा पाहा. दोन्ही आकडे वहीत लिहा, सोबत खोलीचं तापमानही. लॅपटॉपची सगळी गरमी खोलीच्या गरमीवर चढते. जानेवारीत २५ अंशांच्या खोलीत ७५ दाखवणारं यंत्र मे महिन्यात ४० अंशांच्या खोलीत ९० च्या आसपास दाखवेल, आणि त्यात बिघाड काहीच नसेल.

आता झरोक्यासमोर हात धरा. पंख्याचा आवाज मोठा आणि हवा नावापुरती, तर फणी तुंबली आहे. हवा भरपूर आणि कोमटच, पण सॉफ्टवेअर ९५ दाखवतंय, तर उष्णता फणीपर्यंत पोहोचतच नाहीये. पेस्ट वाळली असेल किंवा हीटसिंक, म्हणजे पट्टी, नळी आणि फणी मिळून झालेला भाग, चिपवर नीट टेकलेला नसेल. आवाज घरघरीचा, खरवडल्यासारखा असेल तर पंख्याचं बेअरिंग झिजलं आहे आणि साफसफाईने ते भरून येणार नाही. आणि हे सगळं गादीवर, गोधडीवर लॅपटॉप ठेवल्यावरच होत असेल तर तळाचे झरोके कापडाने बंद होत आहेत. उघडायची गरजच नाही.

वॉरंटी शिल्लक असेल तर कंपनीच्या सेवा केंद्राला आधी विचारा. काही कंपन्या तळ उघडायला हरकत घेत नाहीत, पण उघडताना काही तुटलं तर ते वॉरंटीत बसत नाही. शिवाय तुमच्या मॉडेलला पंखा आहे का, हेही बघा. २०२० मध्ये आलेल्या एम१ चिपपासून पुढच्या मॅकबुक एअरमध्ये पंखाच नाही.

डेल, एचपी आणि लेनोवो आपल्या बहुतेक मॉडेलांची दुरुस्ती-पुस्तिका संकेतस्थळावर मोफत देतात. ती उतरवून घ्या. कुठला स्क्रू कुठे, बॅटरीची जोडणी कशी, हे सगळं त्यात चित्रांसह असतं. माझ्या मते ती अर्धा तास वाचल्याशिवाय पेचकस हातात घेऊ नये.

सामान

पीएच०० आणि पीएच० या मापांचे चांगल्या पोलादाचे दोन पेचकस. स्वस्त संचातल्या मऊ टोकांनी स्क्रूचं डोकं गुळगुळीत होतं आणि मग तो निघता निघत नाही, त्यामुळे इथे पैसे वाचवू नका. मॅकबुकला पाच पाकळ्यांचं पेंटालोब टोक लागतं, काही मॉडेलांना सहा टोकांचं टॉर्क्स. झाकण उकलायला प्लास्टिकची पट्टी किंवा गिटार वाजवायचं पिक. सुरी किंवा स्क्रूड्रायव्हर खुपसलात तर कडा खरवडतील आणि आतली केबलही कापली जाईल. नवा, मऊ, १ इंची रंगाचा ब्रश. कॅमेऱ्याची लेन्स साफ करायचा रबरी फुगा. दोन-चार दातकोरण्या आणि एक चिमटा. कापूस गुंडाळलेल्या काड्या आणि ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल, ज्याला बाजारात आयपीए म्हणतात. मुंबईत लॅमिंग्टन रोडला आणि पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत हे सगळं एका फेरीत मिळतं.

आयपीएच्या जागी हँड सॅनिटायझर चालत नाही, कारण त्यात पाणी आणि ग्लिसरीन असतं. पेट्रोल आणि थिनर प्लास्टिक विरघळवतात. आयपीएसुद्धा चटकन पेट घेतं, म्हणून खिडकी उघडी ठेवा आणि जवळपास गॅस, उदबत्ती, निरांजन काहीही पेटलेलं नको.

घरातला व्हॅक्यूम क्लीनर वापरू नका. त्याच्या प्लास्टिकच्या नळीतून धूळ घासत जाताना स्थिर वीज तयार होते आणि ती मदरबोर्डवर, म्हणजे आतल्या मुख्य सर्किट बोर्डवर, उतरू शकते. हेअर ड्रायरही नको.

बसण्याची जागा

चटई, गालिचा आणि गादी टाळा. लाकडी टेबलावर पांढरी जुनी चादर नको, साधा कागद अंथरा. पडलेला स्क्रू त्यावर दिसतो. पावसाळ्यात कोकणात हवा इतकी दमट असते की स्थिर विजेचा प्रश्न फारसा येत नाही. डिसेंबर-जानेवारीत विदर्भ-मराठवाड्यातल्या कोरड्या थंडीत मात्र स्वेटर काढताना चटचट आवाज येतो, तो याच विजेचा. त्या दिवसांत सुती कपडे घाला आणि आतल्या भागांना हात लावण्याआधी, तसंच मधेमधेही, खिडकीच्या लोखंडी गजाला किंवा नळाला स्पर्श करा. गजावर रंगाचा जाड थर असेल तर जिथे उघडं लोखंड दिसतं तिथे.

बंद करणं आणि उघडणं

आदल्या दिवशी महत्त्वाच्या फायलींची प्रत दुसरीकडे घ्या. बॅटरी वापरून २५ टक्क्यांच्या खाली आणा, कारण भरलेल्या लिथियम बॅटरीला इजा झाली तर ती जास्त भडकते. मग लॅपटॉप पूर्ण बंद करा. विंडोजमध्ये शिफ्टचं बटण दाबून धरून शट डाउन केलं की तो खरोखर बंद होतो, अर्धवट झोपेत राहत नाही. चार्जर, माऊस, पेन ड्राइव्ह, मेमरी कार्ड सगळं काढा.

तळाचे स्क्रू काढण्याआधी फोटो घ्या. मग कागदावर लॅपटॉपच्या तळाची ढोबळ आकृती काढा आणि निघालेला प्रत्येक स्क्रू आकृतीत त्याच्याच जागी सेलोटेपने चिकटवा. हा खटाटोप वाटेल, पण स्क्रू वेगवेगळ्या लांबीचे असतात. लांब स्क्रू आखूड जागी बसवला तर तो वरच्या बाजूने कीबोर्डजवळ फुगवटा काढतो किंवा मदरबोर्डला भोक पाडतो. काही स्क्रू सैल होऊनही बाहेर येत नाहीत. ते झाकणालाच अडकून राहण्यासाठी बनवलेले असतात, ओढू नका. सगळे काढूनही झाकण हलत नसेल तर रबरी पायांखाली आणि स्टिकरखाली चाचपून पाहा. एचपीच्या अनेक मॉडेलांत स्क्रू लांब रबरी पट्टीखाली दडलेले असतात.

झाकण बिजागरीच्या बाजूच्या कोपऱ्यातून सुटायला लागतं, हे अनेक मॉडेलांत खरं आहे. पिक फटीत सरकवा आणि कडेने चालवत न्या. कट-कट असा आवाज येईल; तो खाचा सुटल्याचा आवाज आहे, काही तुटल्याचा नाही. एका जागी अडलं तर जोर लावू नका, थांबून पुन्हा स्क्रू मोजा. दहातल्या नऊ वेळा एक स्क्रू राहिलेला असतो. काही जुन्या लॅपटॉपना तळाचं झाकण वेगळं नसतं, कीबोर्ड काढून वरून उतरावं लागतं. त्यात पातळ पट्टीच्या केबल बऱ्याच सुटतात. पहिल्यांदाच करत असाल तर असं मशीन जाणकाराकडे द्या.

बॅटरी

आत दिसणारी सर्वात मोठी काळी पिशवी किंवा डबी ती बॅटरी. आधी ती डोळ्यांनी तपासा. कुठे फुगलेली, उशीसारखी वर आलेली असेल तर काम तिथेच थांबवा. टोचू नका, दाबू नका, चार्जर लावू नका. झाकण अलगद ठेवून सेवा केंद्रात न्या. टचपॅड वर आला असेल, दाबला जात नसेल, तर त्याच्या खाली फुगलेली बॅटरीच असण्याची शक्यता मोठी. अशा वेळी झाकणही उघडायला जाऊ नका.

बॅटरी ठीक असेल तर दुसरं काहीही करण्याआधी तिची जोडणी काढायची. अपवाद नाही. बॅटरी जोडलेली असताना हातातून निसटलेला एक स्क्रू मदरबोर्ड कायमचा जाळू शकतो. जोडणी दोन-तीन प्रकारची असते: कुठे ती बोर्डाच्या पृष्ठभागाला समांतर मागे सरकते, कुठे सरळ वर उचलते, कुठे आधी बारीक कडी सोडवावी लागते. पुस्तिकेतलं चित्र इथे कामाला येतं. प्लास्टिकच्या पट्टीने किंवा नखाने दोन्ही बाजूंनी आळीपाळीने थोडं थोडं सरकवा. वायरी धरून ओढू नका, धातूचं काहीही वापरू नका. लेनोवोच्या अनेक थिंकपॅडमध्ये बायोसमधून, म्हणजे लॅपटॉप चालू होतानाच उघडणाऱ्या सेटिंगमधून, आतली बॅटरी बंद करायची सोय आहे. तुमच्यात असेल तर आधी ती वापरा आणि मगच जोडणी काढा.

जोडणी सुटली की लॅपटॉपचं चालू करायचं बटण १५ सेकंद दाबून धरा. बोर्डावर उरलेला चार्ज निघून जातो.

पंखा आणि फणी

पंखा गोल डबीत बसलेला असतो, दोन ते चार स्क्रूंवर. त्याची केबल कुठून कशी फिरवली आहे याचा फोटो घ्या. तिचं टोक वायरींना न ओढता, टोकाच्या प्लास्टिकच्या कानांना नखाने ढकलत काढा. अनेक लॅपटॉपमध्ये पंखा आणि फणी यांच्या सांध्यावर काळी किंवा चंदेरी चिकटपट्टी असते. हवा फटीतून निसटू नये म्हणून ती लावलेली असते. अलगद सोडवा, शेवटी तिथेच परत लावायची आहे. काही मॉडेलांत पंखा आणि हीटसिंक एकच तुकडा असतो. मग हीटसिंकही उचलावा लागतो आणि पेस्ट बदलावीच लागते. पुस्तिकेत हे आधीच पाहून ठेवा, म्हणजे ऐनवेळी पेस्टसाठी दुकान शोधावं लागणार नाही.

पंखा बाहेर आला की फणीचं आतलं तोंड समोर दिसेल. धुळीची ती घोंगडी तिथे आहे. फुंकर मारू नका, ब्लोअर लावू नका. दातकोरणीने एका टोकाला उचलून चिमट्याने सलग सोलून काढा. बहुतेक वेळा ती एका तुकड्यात येते. उरलेली धूळ ब्रशने पत्र्यांच्या दिशेने, म्हणजे उभ्या फटींत वरून खाली, काढा. आडवा ब्रश घासला तर पत्रे वाकतात, आणि वाकलेला पत्रा म्हणजे कायमची बंद फट. शेवटी बाहेरच्या झरोक्याच्या बाजूने रबरी फुगा दाबा. आता पंखा वाटेत नाही, त्यामुळे धूळ आतल्या तोंडातून मोकळी बाहेर पडते. तिथे ओलसर कापड धरून ती टिपून घ्या. धूळ तेलकट असेल तर आयपीएत भिजवून पिळलेला ब्रश फिरवा. उजेडाकडे धरून फणीतून आरपार दिसतं का ते पाहा. दिसेपर्यंत काम झालेलं नाही.

पंख्याचं एक पातं दातकोरणीने अडवून धरा आणि मगच ब्रश किंवा फुगा चालवा. दाबाच्या हवेने पंखा त्याच्या नेहमीच्या वेगापेक्षा कितीतरी जोरात फिरू शकतो आणि बेअरिंग खराब होतं. बोर्डाला जोडलेला असताना असा फिरवला तर तो जनरेटरसारखा उलटी वीजही बोर्डाकडे ढकलतो. म्हणूनही तो बाहेर काढूनच साफ करायचा. प्रत्येक पातं दोन्ही बाजूंनी आयपीएच्या काडीने पुसा. मधल्या गोल भागावर आयपीए ओतू नका, आतलं वंगण धुऊन निघेल. दाबाच्या हवेचा डबा वापरत असाल तर तो उभाच धरा. तिरका झाला की आतला गार द्रव फवारला जातो.

पातं बोटाने हळू फिरवून पाहा. सहज फिरून आपोआप थांबलं तर ठीक. अडखळत असेल किंवा वर-खाली डुगडुगत असेल तर पंखा बदला. मॉडेलचा क्रमांक आणि पंख्यावरच्या चिठ्ठीवरचा भाग क्रमांक दाखवलात तर नेमका जोडीदार मिळतो. बेअरिंगमध्ये खोबरेल तेल घालायचा सल्ला आपल्याकडे कुणीतरी देतंच. ऐकू नका. खोबरेल तेल २४ अंशांच्या आसपास गोठतं. थंडीत बाटलीत होतं तेच बेअरिंगमध्ये होईल. शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब थोडे दिवस काम चालवतो, पण ती नवा पंखा येईपर्यंतची सोय.

पेस्ट बदलायची का?

फणी मोकळी करूनच बहुतेकांचं काम होतं. हीटसिंक उगाच हलवू नका, कारण एकदा उचलला की जुनी पेस्ट निकामी झाली असं समजायचं. लॅपटॉप चार-पाच वर्षांचा असेल आणि मघाशी हवा भरपूर असूनही तापमान चढत असेल, तरच हात घाला. हीटसिंकच्या स्क्रूंजवळ १, २, ३, ४ असे आकडे छापलेले असतात. त्या क्रमाने पिळायचे, उलट क्रमाने सोडवायचे, एका वेळी थोडे थोडे. चिप उघडी असते आणि तिची कड ठिसूळ. हीटसिंक एका बाजूने उचकटू नका. जुनी पेस्ट आयपीएने पूर्ण पुसा आणि तांदळाच्या दाण्याएवढी नवी लावा. आजूबाजूच्या चिपांवरचे मऊ रबरी चौकोन म्हणजे थर्मल पॅड. त्यांना फाडू नका आणि त्यांच्या जागी पेस्ट लावू नका. ती फट पेस्टने भरत नाही. चिपवर पाऱ्यासारखं चकाकणारं काही दिसलं तर तो द्रवरूप धातू आहे, काही गेमिंग लॅपटॉपमध्ये असतो. त्यातून वीज वाहते आणि ॲल्युमिनियम कुरतडलं जातं. अशा मशीनचा हीटसिंक घरी काढू नका.

परत जोडताना

आयपीए लावलेले भाग पंधरा मिनिटं वाळू द्या. पंखा, त्याची केबल, सांध्यावरची पट्टी, आणि सगळ्यात शेवटी बॅटरी. केबल पात्यांच्या वाटेत येत नाही ना, हे बघायला पातं बोटाने एकदा फिरवा. झाकण खाचांत बसवण्याआधी कागदावर एकही स्क्रू जादा उरलेला नाही याची खात्री करा. स्क्रू आवळताना पेचकस टोकाशी, दोन बोटांत धरा. अडला की थांबा.

चालू केल्यावर पंख्याबद्दलचा इशारा पडद्यावर आला, उदाहरणार्थ एचपीवर ९०बी किंवा थिंकपॅडवर फॅन एरर, तर पंख्याची केबल नीट बसलेली नाही. घाबरू नका, बंद करून, बॅटरी पुन्हा सोडवून ती दाबा. अजिबात चालू होत नसेल तर चार्जर लावून बघा. बॅटरीची जोडणी काढून परत लावल्यावर काही मशीन चार्जरशिवाय जागे होत नाहीत.

आता वहीतली तीच चाचणी, त्याच खोलीत, तेवढाच वेळ. बहिणीच्या लॅपटॉपवर व्हिडिओ कॉलमध्ये ९७ दाखवत होतं, ते ७९ वर आलं, आणि खोलीत त्या दिवशीही ३९ अंशच होते. तापमानात काहीच फरक पडला नसेल तर पेस्टकडे वळा. तापमान उतरलं पण आवाज तसाच असेल तर पंखा बदला. रस्त्याजवळचं किंवा कुत्रा-मांजर असलेलं घर असेल तर वर्षातून एकदा, नाहीतर दीड-दोन वर्षांनी उघडलं तरी पुरतं. तिने आता तारीख तळाला चिकटपट्टीवर लिहून ठेवली आहे, आणि लॅपटॉपखाली गोधडीऐवजी पाट असतो.